प्रत्येक कॅप्टनला असा सासरा कुठून मिळणार?

प्रति,
मा. महासंचालक,
पुनर्वसन महासंचालनालय,
माजी सैनिक कल्याण विभाग, संरक्षण मंत्रालय,
नवी दिल्ली

विषय : कॅप्टन कृष्णन नायर यांची आठवण आणि निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचं धंद्याचं शिक्षण

महोदय,

मी स्वतः कधी मिलिटरीत नव्हतो. साताऱ्यात हिशेब लिहिणं, तपासणं आणि लोकांची कराची विवरणपत्रं भरणं हा माझा व्यवसाय. पण या जिल्ह्यात हे काम करायचं म्हटलं की माजी सैनिकांशी गाठ पडतेच. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावाने ४६ जवान गमावले. आजही त्या गावाचं नाव 'अपशिंगे मिलिटरी' असंच घेतात. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ साली निघाली ती साताऱ्यातच. त्यामुळे माझ्या कपाटातल्या फायलींवर सुभेदार, कॅप्टन, मेजर, एखादा कर्नल अशी नावं बरीच आहेत. त्या फायली वाचून वाचून जे साठलं आहे ते आपल्याला लिहावंसं वाटलं.

निमित्त नायरसाहेबांचं. दर वर्षी मे महिना आला की त्यांच्यावरचा एक मजकूर फोनवर फिरत येतो. मिलिटरीतला एक कॅप्टन वयाच्या पासष्टीला आला असताना पहिलं हॉटेल उघडतो, त्याला बायकोचं नाव देतो आणि बघता बघता देशभर राजवाड्यांसारखी हॉटेलं उभी करतो. खाली तिरंगा, जोडलेले हात आणि 'वय हा फक्त आकडा आहे' असं काहीतरी. 'लीला' हॉटेलांचे संस्थापक कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर १७ मे २०१४ रोजी मुंबईत वारले. वय ९२. त्यांना २०१० साली पद्मभूषण मिळालं होतं. मजकुरात तसं खोटं काही नसतं. फक्त आयुष्याची मधली पस्तीस वर्षं गाळलेली असतात आणि शेवटची काही वर्षं लपवलेली असतात. आणि महोदय, आपल्या कार्यालयाच्या कामाचं जे काही आहे ते नेमकं या गाळलेल्या आणि लपवलेल्या भागातच आहे.

आधी गाळलेल्या भागाबद्दल.

कृष्णन नायर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२२चा, केरळात कन्नूरचा. वडील सरकारी वसुलीच्या कामावर, परिस्थिती बेताची. शाळकरी वयात चिरक्कलच्या राजासमोर कविता म्हणून दाखवली आणि राजाने शिकण्याचा खर्च उचलला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते लष्करात वायरलेस अधिकारी म्हणून अबोटाबादला होते. १९५० साली लीला यांच्याशी लग्न झालं. लीलाताईंचे वडील ए. के. नायर यांची कन्नूरला कापड विणण्याची गिरणी होती. १९५१ साली कॅप्टननी लष्कर सोडलं आणि सासऱ्यांचं कापड विकायला सुरुवात केली.

हॉटेल १९८६चं. म्हणजे गणवेश उतरवला त्या दिवसापासून मुंबईत सहारच्या हॉटेलचं दार उघडेपर्यंत पस्तीस वर्षं गेली. ती सूत, रंग, विणकर, माग, गाठी, जहाज आणि परदेशी गिऱ्हाईक यांच्यात गेली. १९५२ साली अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झालं, त्या खटपटीत ते होते. पुढे त्यांनी स्वतःचा लेसचा कारखाना काढला, कपडे निर्यात केले. 'कॅप्टन' ही उपाधी नावापुढे शेवटपर्यंत राहिली, पण हिशेब मांडला तर ते लष्करात होते त्याच्या कितीतरी पट काळ कापडात होते. त्यांना लष्करी अधिकारी म्हणून आठवणं बरोबरच आहे. मात्र लष्करी अधिकारी थेट हॉटेलवाला झाला अशी जी गोष्ट तरुण अधिकाऱ्यांच्या डोक्यात बसते, ती त्यांचा घात करते. ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हातात घेऊन समोर बसलेल्या माणसाला 'थोडं थांबा' म्हणणं मग फार कठीण जातं.

१९५८ सालची ती रंग सुटण्याची गोष्ट आपण ऐकली असेलच, तरी सांगतो, कारण ती सांगताना चुकीच्या जागी जोर दिला जातो असं माझं मत आहे. विल्यम जेकबसन नावाचा अमेरिकन आयातदार मुंबईला आला आणि नायरांकडून मद्रास चौकडीचं दहा हजार वार कापड घेऊन गेला. ते त्याने न्यूयॉर्कच्या ब्रुक्स ब्रदर्स या मातब्बर दुकानाला विकलं. कापड हातमागाचं, वनस्पतींच्या रंगात रंगवलेलं. थंड पाण्यात, सांभाळून धुवायचं, असं जेकबसनला बजावलेलं होतं. त्याने ते पुढे कुणाला सांगितलंच नाही. तिकडे लोकांनी ते इतर कपड्यांसारखं यंत्रात टाकलं आणि रंग धुवून निघाला. गिऱ्हाइकं खवळली. दुकानाने कोर्टाची भाषा सुरू केली. नायर अमेरिकेला गेले. तिथे एका मासिकाच्या संपादिकेशी त्यांचं बोलणं झालं आणि त्यातून जो लेख छापून आला त्याचा सूर असा होता की रंग सुटतो, प्रत्येक धुण्यात कापडाचं रूप बदलतं, आणि हीच तर याची गंमत आहे. 'ब्लीडिंग मद्रास' या नावाने त्याच कापडाला मागणी सुरू झाली.

व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट जाहिरातीचा नमुना म्हणून सांगतात. दोष हाच गुण म्हणून कसा विकावा वगैरे. मी हिशेबनीस माणूस, मला त्यात आधी दिसतो तो अडकलेला माल. लहान निर्यातदार अशा एका खेपेत बसतो, पुन्हा उठत नाही. आणि मग दिसतं ते हे की माणूस सात वर्षं मागांच्या खडखडाटात राहिलेला होता. रंग कशाचा आहे, तो का सुटतो, किती सुटतो, सुटल्यावर काय उरतं हे त्याला ठाऊक होतं. म्हणून चिडलेल्या गिऱ्हाइकासमोर उभं राहून तो बोलू शकला. हे ज्ञान नसतं तर ती संपादिका भेटूनही उपयोग झाला नसता. तिला सांगायला त्याच्याजवळ काही नसतं.

हे ज्ञान त्यांना कुणी दिलं? सासऱ्याने. किंवा सासऱ्याच्या गिरणीने म्हणा. स्वतःचं पोट ज्या धंद्यावर चालतं असा एक माणूस, त्याचा चालता कारखाना, त्याची उधारी-उसनवारी, त्याचे विणकर आणि त्याचे दलाल. तिथे चूक झाली तर खरा तोटा होतो, पण तो अजून आपल्या घरावर येत नाही. शिकायला याहून चांगली जागा नाही. ब्रिगेडियर कपिल मोहन यांचं उदाहरणही लोक देतात. 'ओल्ड मंक' रमच्या कंपनीचा कारभार त्यांनी भावामागे कैक दशकं सांभाळला. स्वतः दारूला शिवत नसत म्हणतात, जाहिरातीवर तर त्यांचा विश्वासच नव्हता. २०१८ साली ते वारले तेव्हा त्यांच्यावरही असेच मजकूर फिरले. पण तिथे तर धंदा घरचाच होता. म्हणजे एकाला सासरा होता, दुसऱ्याला भाऊ.

प्रत्येक अधिकाऱ्याला असा सासरा मिळत नाही. महोदय, हे काम आपल्या कार्यालयाचं आहे असं माझं म्हणणं आहे. बाकीचं सगळं पत्र त्याच्याच पुष्ट्यर्थ.

आपण आज जे देता त्याची मला कल्पना आहे. निवृत्तीच्या आधी अधिकाऱ्यांना मोठ्या व्यवस्थापन संस्थांमध्ये २४ आठवड्यांचे अभ्यासक्रम आहेत, फीचा मोठा वाटा सरकार उचलतं. बाहेर पडल्यावर सुरक्षा एजन्सीसाठी आपली नोंदणी आहे, कोळसा भरण्या-वाहण्याची कामं आहेत, दिल्लीकडे गॅस पंप आणि दुधाची केंद्रं आहेत, पेट्रोल पंपाच्या वाटपात राखीव जागा आहेत. या योजनांनी पुष्कळ घरं सावरली आहेत, त्यांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. गिऱ्हाईक आधीच ठरलेलं, दर आधीच ठरलेला. अधिकाऱ्याने जाऊन बसायचं, माणसं वेळेवर हजर ठेवायची, नोंदवह्या नीट ठेवायच्या. ते तो उत्तम करतो. मुदत संपली, करार गेला की मात्र त्याच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं गिऱ्हाईक एकही नसतं.

आणि २४ आठवड्यांचा अभ्यासक्रम माणसाला एखाद्या मोठ्या कंपनीत व्यवस्थापक होण्यासाठी तयार करतो. ते चांगलंच आहे, बहुतेकांना नोकरीच हवी असते. अडचण धंदा करू बघणाऱ्या थोड्यांची आहे. त्यातही शॉर्ट सर्व्हिसवाल्यांची जास्त. दहा किंवा चौदा वर्षं सेवा करून तिशी-चाळिशीत बाहेर पडायचं, पेन्शन नाही, मुलं शाळेत, हातात एकरकमी पैसा आणि अंगात रग. नायरही लष्कर सोडताना एकोणतीस वर्षांचे होते.

माझ्याकडे येणाऱ्या अधिकाऱ्यांची वह्या ठेवण्याची शिस्त अशी असते की माझ्या मदतनिसांना मी त्यांच्या फायली नमुना म्हणून दाखवतो. प्रत्येक बिल तारखेनुसार, प्रत्येक पावती टाचलेली. कर चुकवण्याची कल्पनासुद्धा बहुतेकांना सुचत नाही, आणि हे मी साताऱ्याच्या बाजारपेठेत बसून लिहितो आहे! तरीही त्यांच्यातले काही बुडाले. बुडण्याची कारणं मला पुन्हा पुन्हा तीच दिसली.

पहिलं, त्यांना उधारी मागता येत नाही. एक निवृत्त मेजरसाहेब फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवत. काम पक्कं, वेळेत. माल एका मोठ्या कंपनीला जाई आणि पैसे पाच-पाच महिने येत नसत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मी त्यांना म्हटलं, अर्ज करा. ते म्हणाले, "त्यांच्या खरेदी अधिकाऱ्याने मला शब्द दिलाय." मी म्हटलं, निदान फोन तरी करा रोज. तेही त्यांना जमेना. पैशासाठी कुणाच्या मागे लागणं त्यांना लाचारीचं वाटे. ज्या जगात दिलेल्या शब्दावर माणसं जीव टाकतात तिथून ते आले होते. बाजारात शब्द ही सुरुवात असते आणि वसुली हे वेगळं काम असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. वाण्याचं पोर बापाच्या गल्ल्याशेजारी बसून हे दहाव्या वर्षी शिकतं.

दुसरं कारण जरा गमतीचं आहे. सरकारी खात्यात मंजूर झालेला निधी ३१ मार्चच्या आत खर्च केला नाही तर परत जातो. वीस वर्षं ज्याने तसे निधी हाताळले त्याला बँकेने मंजूर केलेलं कर्जही तसंच दिसतं. ५० लाखांची मर्यादा मंजूर झाली ना, मग ५० लाख वापरायचे. ऑफिस आधी, टेबलखुर्च्या आधी, गाडी आधी. मी एकदा एका साहेबांना विचारलं की अजून एकही ऑर्डर नाही तर एवढी मोठी शेड कशाला. ते म्हणाले, तळ उभारल्याशिवाय मोहीम कशी करायची? लष्करात हे अगदी बरोबर असेल. धंद्यात तळाचं भाडं पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

तिसरं मला फार नंतर लक्षात आलं. आमच्याकडचे जवान आणि हवालदार धंद्यात अधिकाऱ्यांपेक्षा बऱ्याचदा चांगले टिकतात. शिक्षण कमी, भांडवल कमी, तरीही. कारण ते आपल्या गावात परत येतात. तिथे चुलत्याचं दुकान असतं, मेव्हण्याचा ट्रॅक्टर भाड्याने फिरत असतो, भावकीतला कुणीतरी दूध संकलन केंद्र चालवतो. तो सहा महिने त्यांच्यात वावरतो, मग स्वतःचं काढतो. फसला तरी कोण फसवणार हे त्याला ओळखीचं असतं. अधिकाऱ्याला गावच उरलेलं नसतं. दर दोन-तीन वर्षांनी बदली, मुलं केंद्रीय विद्यालयात, आयुष्य छावणीत गेलेलं. निवृत्तीनंतर तो पुण्यात फ्लॅट घेतो, जिथे शेजारी सगळे त्याच्यासारखेच. बाजारातला एकही माणूस त्याला 'अहो साहेब, या पार्टीला माल देऊ नका' असं सांगणारा नसतो. सासरा म्हणतो तो हा.

आता लपवलेल्या भागाकडे येतो. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण गेलेल्या मोठ्या माणसाच्या कर्जाबद्दल बोलू नये असं आपल्याकडे मानतात. पण हे सगळं जाहीर आहे आणि शिकण्यासारखं आहे.

कापडात पैसा फिरतो. सूत घेतलं, विणलं, पाठवलं, पैसे आले, पुन्हा सूत. वर्षात तोच रुपया तीन-चार फेऱ्या मारतो. चूक झाली तर पुढच्या फेरीत दुरुस्त करता येते. हॉटेलात रुपया जमिनीत आणि भिंतींत जातो आणि वर्षानुवर्षं तिथेच बसतो. पहिला पाहुणा येण्याच्या आधी तीन-चार वर्षं व्याज चालू झालेलं असतं, आणि आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. नायरांनी पहिलं हॉटेल उभं केलं ते सहारला, जिथे त्यांचं राहतं घर आणि लेसचा कारखाना होता त्या परिसरात. १९८१ साली जवळच आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झालं होतं आणि विमानातून उतरणाऱ्या माणसाला राहायला जागा लागणार हे दिसत होतं. जागा माहितीची, गरज डोळ्यांसमोर, आणि परदेशी पाहुण्याची आवडनिवड निर्यातीच्या फिरतीत जवळून पाहिलेली. मग १९९१ला गोवा, २००१ला बंगळूरु. पाच-दहा वर्षांचं अंतर बघा. त्या काळात त्यांनी हॉटेलांभोवती झाडं लावण्याचा असा ध्यास घेतला की १९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 'ग्लोबल ५००' सन्मान दिला.

त्यानंतर वेग वाढला. गुरगाव, उदयपूर, दिल्लीची चाणक्यपुरी, चेन्नई. दिल्ली आणि चेन्नईची हॉटेलं तर प्रचंड महागडी, आणि मोठ्या प्रमाणावर कर्जाने उभारलेली. मध्येच २००८ची मंदी आली. २०११ साली कोवलमचं हॉटेल विकावं लागलं. २०१२ साली कर्जाची पुनर्रचना झाली. २०१३ साली नायर अध्यक्षपदावरून निवृत्त झाले; पुढच्या वर्षी ते गेले आणि त्याच वर्षी बँकांनी आपली कर्जं मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे अडकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकून टाकली. २०१५ला गोवा गेलं. २०१९ साली बंगळूरु, चेन्नई, दिल्ली आणि उदयपूरची हॉटेलं ब्रुकफील्ड या कॅनडाच्या कंपनीने ३,९५० कोटी रुपयांना घेतली, आणि 'लीला' हे नावही त्याच सौद्यात गेलं. मुंबईचं ते पहिलं हॉटेल जुन्या कंपनीकडे राहिलं. कंपनीला मात्र स्वतःचं नाव बदलून 'एचएलव्ही' करावं लागलं.

या कर्जाचं खापर मी लष्करी सवयींवर फोडत नाही. त्या वर्षांत ज्यांनी कधी गणवेश पाहिलाही नव्हता असे मोठमोठे उद्योगपती असेच अडकले. आणि नायरांनी उभी केलेली हॉटेलं आजही दिमाखात चालू आहेत, त्यात काम करणारी हजारो माणसं आहेत. मालक बदलला म्हणून बांधणाऱ्याचं काम वाया गेलं असं कोण म्हणेल? माझं म्हणणं एवढंच की फिरतीच्या पैशावर पस्तीस वर्षं शिकलेला, इतका मुरलेला माणूसही गाडलेल्या पैशापुढे अडला. मग २४ आठवडे शिकून आलेल्या पस्तिशीच्या मेजरने घर गहाण टाकताना कुणीतरी त्याला हा जमाखर्च ओळीने वाचून दाखवायला नको का?

असंच दुसरं नाव 'एअर डेक्कन' ही स्वस्त विमानसेवा काढणाऱ्या कॅप्टन गोपीनाथ यांचं. ते आज आपल्यात आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडक्यात. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडलेला हा अधिकारी १९७१च्या युद्धात होता, अठ्ठाविसाव्या वर्षी बाहेर पडला, आणि हेलिकॉप्टरची कंपनी सुरू होईपर्यंत जवळजवळ दीड तप त्याने हासनकडे शेती केली, रेशीम केलं, मोटरसायकलींची एजन्सी चालवली, उडुपी हॉटेल चालवलं, ठिबकचं सामान विकलं. २००३ साली 'एअर डेक्कन' निघाली आणि लक्ष्मणांचा 'कॉमन मॅन' विमानावर चढला. सामान्य माणसाला स्वस्तात उडवणारी ती विमानं तोट्यात गेली, २००७ साली मोठा हिस्सा मल्ल्यांना विकावा लागला, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. इथेही तेच. गणवेश आणि नाव यांच्यामध्ये बाजारात घालवलेली लांबलचक वर्षं, आणि शेवटी भांडवलाचा फास. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात असतात, आपण व्याख्यानाला बोलावताना त्यातली एकच ऐकतो.

म्हणून माझ्या मागण्या. धंदाच करायचा आहे असं जो अधिकारी लिहून देईल त्याचे त्या २४ पैकी निदान १२ आठवडे वर्गात घालवू नका. त्याला एखाद्या चालत्या धंद्यात बसवा. इचलकरंजीला यंत्रमागवाल्याकडे, तासगावला बेदाण्याच्या अडत्याकडे, चाकण-शिरवळला सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, जिथे जायचा त्याचा विचार असेल तिथे. प्रमाणपत्र नसेल तरी चालेल. त्याला वसुलीच्या फेरीला पाठवा, परत आलेला माल मोजायला लावा, शनिवारी पगार वाटायला पैसे नसताना मालक काय करतो ते बघू दे. मालकाला या त्रासाबद्दल काही मोबदला द्यावा लागेल. तो संस्थेच्या फीपेक्षा नक्की कमी असेल.

शिकवायला जे यशस्वी झाले त्यांच्याबरोबर जे बुडाले त्यांनाही बोलवा. लष्करात प्रत्येक मोहिमेनंतर काय चुकलं याची चर्चा होते, नावं घेऊन होते, आणि त्याने कुणाची इज्जत जात नाही असं माझे अशील मला अभिमानाने सांगतात. धंद्यात बुडालेला अधिकारी मात्र तोंड लपवतो, रेजिमेंटच्या स्नेहमेळाव्याला जाणं बंद करतो. त्याच्याजवळ जे आहे ते कुठल्याही प्राध्यापकाजवळ नाही.

वैयक्तिक हमी म्हणजे काय यावर एक अख्खा दिवस द्या, आणि त्या दिवशी बायकोलाही, किंवा अधिकारी स्त्री असेल तर नवऱ्याला, शेजारी बसवा. लीलाताईंचं नाव हॉटेलवर होतं. माझ्याकडच्या बहुतेक साहेबांच्या पत्नींचं नाव हमीपत्रावर असतं. कंपनी कागदोपत्री दोघांची, सही दोघांची, आणि आपण घराचं काय लिहून दिलं आहे हे त्यांना जप्तीची नोटीस दारावर लागल्यावर कळतं. त्यातल्या कितीतरी जणी दर बदलीला नव्या गावात नवी शाळा शोधून शिकवत आल्या आहेत, घरखर्चाचा हिशेब त्यांनीच ठेवला आहे. त्यांना विचारलं असतं तर ती शेड एवढी मोठी झालीच नसती.

अग्निवीरांचा प्रश्न याच वाटेने येतो आहे. पहिली तुकडी २०२३च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला बसली. चार वर्षांनी चारातल्या तिघांना सेवा निधीचे ११ लाख ७१ हजारांच्या आसपास रुपये घेऊन घरी यायचं आहे, वय पंचविशीच्या आतबाहेर. त्यांच्या हातातल्या रकमेवर डोळा ठेवणारे एजंट आतापासून तालुक्याच्या गावी दिसू लागले आहेत. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे, पण आपल्या फायलीत याची नोंद असावी.

हे सगळं दिल्लीत बसून एका आदेशाने होणारं नाही हे मला कळतं. करारनामे, निविदा, लेखापरीक्षण, सगळं मध्ये येईल. त्या आक्षेपांची उत्तरं लिहून द्यायला मी तयार आहे, माझं आयुष्य त्यातच गेलं आहे. तोवर एक छोटा प्रयोग आमच्याकडे करून बघा. साताऱ्यातले आम्ही काही हिशेबनीस आणि आमचे काही कारखानदार, व्यापारी अशील यांच्यात बोलणं झालं आहे. पुढच्या तुकडीतले धंदा करू इच्छिणारे पाच-सहा अधिकारी तीन महिन्यांसाठी इकडे पाठवा. पहिले चार आठवडे ते आमच्या कार्यालयात बसतील आणि चालत्या तसेच बंद पडलेल्या धंद्यांच्या वह्या वाचतील, अर्थात मालकांची परवानगी घेऊन आणि नावं झाकून. नंतरचे आठ आठवडे दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये. राहण्याची सोय जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोलून होऊ शकेल. आम्ही मानधन मागत नाही. फक्त त्यांना आधी सांगून ठेवा की इथे कुणी 'सर' म्हणणार नाही आणि सकाळी दुकान उघडायला त्यांनाच यावं लागेल.

पावसाळ्यात आमच्याकडे विवरणपत्रांची घाई असते, तेव्हा ऑक्टोबरनंतरची तुकडी असल्यास बरं पडेल. उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
साताऱ्यातला एक हिशेबनीस